दुकान वाढवलं

"चार दिवसांच्या प्रवासाला सहा बॅगा, आणि सगळ्या कोऱ्या," आई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "एकीला तर अजून किमतीची चिठ्ठी लोंबतेय. लोकांना वाटेल विकायला निघालोय."

मी हात मागे नेऊन ती चिठ्ठी तोडली आणि पर्समध्ये टाकली.

आम्ही उटीचा घाट चढत होतो. दर वळणाला आई माझ्या अंगावर कलंडायच्या आणि पुढच्या वळणाला मी त्यांच्या, त्यामुळे त्यांची कुरकुर थेट कानात येत होती. पुढे ड्रायव्हरशेजारी आमच्या वसूवन्संचे यजमान अच्युतराव बसले होते आणि ड्रायव्हरला नीलगिरीची माहिती सांगत होते. ड्रायव्हर तिथलाच होता. तो मुकाट्यानं ऐकून घेत होता. मधल्या सीटवर वन्सं तोंडात लिंबाची फोड धरून डोळे मिटून होत्या, आणि त्यांच्या शेजारी हे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं पुष्कळ होतं, पण ह्यांचं ते बघणं मला घरून ओळखीचं होतं. घरी आमच्या खिडकीबाहेर शेजाऱ्यांची मोरी आहे.

"दुकानातला माल घरी वापरायला काढायचा नाही," आई पुढच्या वळणावर म्हणाल्या. "तुझ्या मामंजींनी उभ्या जन्मात काढू दिला नाही. मी माहेरी जायची ती बोचकं घेऊन."

"सवलतीत पडल्या म्हणाले हे."

"स्वतःच्या दुकानात सवलत," आई म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड वळवलं.

फलटणला आमचं 'माळवदे ट्रंक मार्ट' होतं. मामंजींनी ते पत्र्याच्या ट्रंकांवर सुरू केलं. बोर्डिंगला जाणारी मुलं, पलटणीत भरती झालेली पोरं, सासरी निघालेल्या मुली, सगळ्यांच्या ट्रंकांवर मामंजी पांढऱ्या रंगानं स्वतः नाव घालून द्यायचे. पुढे ह्यांनी बॅगा ठेवल्या, मग चाकांच्या बॅगा आल्या. आख्ख्या तालुक्याला आम्ही प्रवासाला धाडलं. आमचं घर मात्र कुठे गेलं नाही. दुकान सोडून हिंडायला जाणं मामंजींना पोरकटपणाचं वाटायचं, आणि ते वारल्यावर ह्यांनाही तसंच वाटायला लागलं. आईंनी पाहिलेलं सगळ्यात लांबचं ठिकाण कोल्हापूर. तेही लेकीचं स्थळ बघायला, आणि ते जमलं नाही.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात काही संपत नसे. वाढत असे. लग्न होऊन आले त्या महिन्यात मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हटलं, "तांदूळ संपले." आई माजघरातून उठून आल्या, माझ्या तोंडात चिमूटभर साखर घातली आणि म्हणाल्या, "तांदूळ वाढले म्हणावं." मी डबा उलटा करून दाखवला. त्यांनी आणखी एक चिमूट घातली. तेव्हापासून आमच्याकडे तेल वाढतं, गॅस वाढतो. बांगडी फुटली तरी वाढवलीच म्हणायची. निघालेला माणूस 'येतो' म्हणतो, मग तो मुंबईला नोकरीला का निघालेला असेना. आणि संध्याकाळी दुकानाला कुलूप लावायचं त्याला दुकान वाढवणं म्हणायचं. व्यापाऱ्यांच्या घरात हे सगळीकडे चालतं, पण आमच्याकडे 'बंद' हा शब्द पंख्यालासुद्धा वापरायची सोय नव्हती. पंखा थांबवायचा.

रोज संध्याकाळी हे घरी आले की आई देवघराशी वाती वळत विचारायच्या, "वाढवलंस का रे मुरली, दुकान?"

"वाढवलं," हे म्हणायचे, किल्ल्यांचा जुडगा लक्ष्मीच्या तसबिरीपुढे ठेवायचे आणि पाय धुवायला जायचे. आई किल्ल्यांना कुंकू लावायच्या. मी त्या घरात आल्यापासून ह्यात एका शब्दाचा फरक झाला नव्हता.

ज्या श्रावणात दुकान गेलं त्या श्रावणातसुद्धा झाला नाही.

लोक बॅगा फोनवर मागवायला लागले होते. पुण्याला जाऊन मॉलमधून आणायला लागले होते. जागेच्या मालकाला तिथे तीन मजले चढवायचे होते. हे वर्षभर आज बघू, उद्या बघू करत राहिले, नवा माल कार्डावर उचलत राहिले, आणि शेवटी एका दुपारी बारामतीच्या व्यापाऱ्यानं टेम्पो लावून सगळा माल लॉटमध्ये नेला. त्याला नको असलेल्या सहा बॅगा उरल्या. मालकानं दुकानाची किल्ली घेतली. हे घरी आले.

"वाढवलंस का रे, दुकान?"

"वाढवलं," हे म्हणाले. किल्ल्या ठेवल्या. पाय धुतले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मी आत गेल्यावर हळूच विचारलं, सांगितलं का आईंना. हे म्हणाले, सांगितलं की तुझ्यादेखत, वाढवलं म्हणून. मी दार लोटून घेतलं. "मी खोटं बोललो नाही," हे म्हणाले. मराठी भाषेत ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून हे नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायचे आणि नगर वाचनालयात बसायचे. संध्याकाळी यायचे, वाढवलं म्हणायचे. मी घरात साड्यांना फॉल-पिको करायची, त्यावर भाजीपाला निघत होता. जुन्या ओळखीचं एखादं गिऱ्हाईक अजून बॅग मागायचं, ती हे पुण्याहून आणून घरपोच देत, पण त्यात सुटायचं काही नाही. फक्त हळूहळू ह्यांचं सामान्य ज्ञान वाढलं. जेवताना ते युक्रेन, साखरेचे आंतरराष्ट्रीय भाव, असलं काहीबाही बोलायला लागले. आई एकदा म्हणाल्या, "पेपर वाचायला बराच वेळ मिळतो दुकानात." हे म्हणाले, श्रावणात गिऱ्हाईक कमीच असतं. तेव्हा आश्विन चालू होता.

अशात अच्युतरावांचा फोन आला. अच्युतराव इंदूरचे. पुण्यात पंपाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि आता वेळेआधी निवृत्ती घेणार होते. माणूस मनानं उघडा, बोलायला भारी हौशी. त्यांनी विचारलं, काय म्हणतंय दुकान. ह्यांनी मला नंतर सांगितलं की त्या क्षणी त्यांना वाटलं, निदान एका माणसाला सरळ सांगून टाकावं. म्हणून ते सरळ म्हणाले, "दुकान वाढवलं, अच्युतराव."

इंदूरकडच्या मराठीत जे वाढतं ते खरोखरच वाढत असावं. अच्युतराव म्हणाले, बढिया, ह्या मंदीत वाढवलंत म्हणजे कमाल केलीत. वन्संना त्यांनी हेच सांगितलं, पण इंग्रजीतून. "मुरलीधररावांनी शॉप एक्स्पान्ड केलंय." वन्सं आमच्याच घरात वाढलेल्या. मराठीत ऐकलं असतं तर तिथेच थबकल्या असत्या.

अच्युतरावांनी लगेच बेत केला. हे दोन्ही घरांनी मिळून साजरं करायचं, उटीला जायचं, चार दिवस. विमानाची, हॉटेलची तिकिटं-बिकिटं ज्याची त्यानं. तुम्ही आता मोठे व्यापारी, तुम्हाला फुकट नेलं तर तुम्ही रागवाल, असंही म्हणाले. हे नको म्हणायला तोंड उघडत होते. फोनचा आवाज मोठा होता. आई देवघरातून म्हणाल्या, "जाऊ या."

आईंनी कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. ह्यांनीही नसावं. ते फोन कानाला तसाच धरून आईंकडे बघत राहिले, आणि मग फोनमध्ये म्हणाले, येतो.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की एकदा आईंना फिरून येऊ दे. मामंजींनी हातानं उभं केलेलं दुकान, ते गेलं हे कळल्यावर त्या उंबऱ्याबाहेर पडायच्या नाहीत. आल्यावर सांगतो, घडाघडा सांगतो. तोवर कुणी काही बोलायचं नाही.

प्रश्न पैशांचा होता, आणि त्याला उत्तर फोनवरच आलं. मी मशीनवर बसले होते. एका बँकेची मुलगी बोलत होती. ह्यांना तिचं भराभर बोलणं कळेना म्हणून त्यांनी फोन मोठ्यानं लावून माझ्या टेबलावर ठेवला. ती म्हणाली, सर, तुमच्या जुन्या कार्डचा बॅलन्स आमच्या नवीन कार्डवर ट्रान्सफर करून घ्या, सहा महिने व्याज नाही. हे म्हणाले, बाई, त्या कार्डावर माझा बॅलन्स काहीच नाही, उलट मीच देणं लागतो. ती म्हणाली, सर, त्यालाच बॅलन्स म्हणतात.

हे माझ्याकडे बघायला लागले. बॅलन्स म्हणजे शिल्लक, एवढं इंग्रजी आम्हां दोघांना येत होतं. देण्याला शिल्लक म्हणणारी बँक म्हणजे आमच्याच घरासारखी, असं मला वाटलं. आत कुणीतरी म्हातारी बसली असेल साखरेची वाटी घेऊन.

महिनाभरात जुन्या कार्डावरचं देणं उचलून नव्या कार्डावर गेलं, आणि जुनं कार्ड मोकळं झालं. एका साडीचा फॉल उसवून दुसरीला लावावा तसं हे होतं. पहिली साडी नेसण्याजोगी राहत नाही, पण कपाटात घडी करून ठेवली तर दिसत नाही. त्या मोकळ्या कार्डावर ह्यांनी उटी घेतली. विमान, हॉटेल, आईंसाठी जादा पलंग, आईंना स्वेटर. सहा महिने व्याज नव्हतं ते नव्या कार्डाला. जुन्याचं तसं नव्हतं, हे ती मुलगी बोलली नव्हती आणि आम्ही विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला, सर, तुमचं लिमिट वाढलंय. आई दारात उभ्या होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "इतक्यात वाढलं?"

बॅगा घरात होत्याच.

उटीत पहिले दोन दिवस बरे गेले. आई विमानात घाबरल्या नाहीत, तळ्यातल्या नावेत घाबरल्या. बागेत त्यांनी प्रत्येक फुलाला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगितलं आणि बहुतेकांना शेवंती म्हणतात. थंडी वाजली की त्या स्वेटरवर शाल आणि शालीवर पदर घ्यायच्या. फोटोत त्या एखाद्या गाठोड्यासारख्या दिसतात, पण हसतायत.

बाजारात त्या एका बॅगांच्या दुकानापाशी थांबल्या. आम्ही पुढे गेलो होतो, मागे वळून बघतो तर आई तिथे एका चाकांच्या बॅगेचा मुठीचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघतायत. दुकानदार तमिळमध्ये काहीतरी सांगत होता. आईंनी आतलं अस्तर उलटं केलं, चेन तीनदा फिरवली, आणि ह्यांना म्हणाल्या, "मुरली, शिलाई कच्ची. आपण असला माल परत केला असता." हे हसले. कित्येक महिन्यांनी हसले. मग दोघं माय-लेक त्या दुकानात शिरून अर्धा तास प्रत्येक बॅगेला नावं ठेवत बसले, आणि मी बाहेर चॉकलेटच्या गाड्यापाशी उभी राहून त्यांना बघत होते. आता वाटतं, ते पैसे तिथेच वसूल झाले.

पण अच्युतराव माझ्या शेजारीच उभे होते, आणि तेही तेच बघत होते.

"वहिनी, हे रक्तात असावं लागतं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी योजना काढली. फलटणचं दुकान वाढलंच आहे, आता पुण्यात शाखा काढायची. त्यांच्या निवृत्तीचे पैसे येणार होते. ते पैसे घालतील आणि गल्ल्यावर बसतील, माल ह्यांनी बघायचा. 'माळवदे आणि' एवढं बोलून त्यांनी आपलं आडनाव लाजून गिळलं. हे म्हणाले, बघू.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. अच्युतरावांच्या घरात 'बघू' म्हणजे कधी ते सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुण्यातली जागा कुठली घ्यावी ते विचारलं. दुपारी पाटीचा रंग विचारला.

ह्यांना मी एकांतात म्हटलं, आता तरी सांगा त्यांना. हे म्हणाले, आईसमोर कसं सांगू. मी म्हटलं, आईंच्या मागे सांगा. ते म्हणाले, मग अच्युतराव जाऊन वसूला सांगणार, वसू आईच्या गळ्यात पडून रडणार, ते आईसमोरच झालं. आणि मग, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "आणि समज, निघालीच पुण्यात शाखा, तर मग दुकान वाढवलं हे दोन्ही अर्थांनी खरं होईल."

ते गमतीनं म्हणाले की काय, मला ठरवता येईना. ह्यांच्या गमतीला पूर्वी मी लगेच हसायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही कुन्नूरला गेलो. चहाच्या मळ्यापाशी एक टपरीवजा जागा होती, तिथे पुरुष पुढे फोटो काढायला गेले, आई गाडीत झोपल्या होत्या, आणि वन्सं नि मी चहा घेऊन बाकावर बसलो. वन्संना लिंबाची गरज नव्हती, त्यामुळे त्यांचे डोळे उघडे होते.

त्यांनी विचारलं, दादानं शेजारचा गाळा घेतला की वर माळा चढवला. मी म्हटलं, मला दुकानातलं फारसं कळत नाही. त्या म्हणाल्या, असं कसं, वाढवलं म्हणजे कुठल्या बाजूनं वाढवलं.

आणि हे बोलता बोलता त्या थांबल्या. तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं मराठीत उच्चारला होता.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "दादा फोनवर नेमकं काय म्हणाला होता ह्यांना?"

"दुकान वाढवलं, म्हणाले."

वन्संनी चहाचा कप बाकावर ठेवला. समोर मळ्यात बायका चहाची पानं खुडत होत्या, पाठीवर टोपल्या, आणि वन्सं त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या जणू त्यांतली एखादी ओळखीची आहे.

"चहा गार झाला तुझा," त्या शेवटी म्हणाल्या.

माझा कप रिकामा होता. मी तो उचलून प्यायले.

परत जाताना त्या ह्यांच्या शेजारी बसल्या नाहीत, मागे आमच्यात येऊन बसल्या, आणि आईंचा हात हातात घेऊन घाटभर कुरवाळत राहिल्या. मला वाटलं, आज त्या नवऱ्याला सांगतील. एकीकडे नवऱ्याची आयुष्यभराची कमाई आणि दुसरीकडे भाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी अच्युतरावांचा चेहरा बघताच कळलं की वन्संनी सांगितलं नव्हतं.

त्याआधी, त्याच सकाळी, आमच्या खोलीत एक गोष्ट झाली.

आईंनी लक्ष्मीची छोटी तसबीर बरोबर आणली होती, ती आरशाच्या टेबलावर मांडली होती. हे रोज संध्याकाळी सवयीनं किल्ल्यांचा जुडगा तिथेही ठेवत होते. हॉटेलच्या खोलीत वाढवायला दुकान कुठलं, पण आईंनी काही म्हटलं नव्हतं. त्या सकाळी हे आंघोळीला गेले होते. मी बॅगा भरत होते. आईंनी जुडगा उचलला आणि तळहातावर खालीवर करून बघितला, भाजीवाली लसूण तोलते तसा.

"शालन, ह्या किल्ल्या कसल्या गं?"

दुकानाची किल्ली पितळेची होती, हाताच्या पंजाएवढी, जुडग्याच्या कडीत अडकवलेली. मालकानं ती घेतल्यावर ह्यांनी त्या कडीत हाताला लागल्या त्या किल्ल्या ओवल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, पत्र्याच्या, डझनभर तरी. वाजायच्या मात्र तशाच, निदान ह्यांना तसं वाटत होतं.

"बॅगांच्या," मी म्हटलं.

"हं," आई म्हणाल्या. "बॅगांच्याच आहेत." त्यांनी पदरानं त्या पुसल्या, करंडा उघडला, आणि एकेका किल्लीला कुंकू लावलं. "श्रावणापासून ह्यांनाच लावतेय. लहान आहेत, बोट बसत नाही."

मी साडीची घडी हातात घेऊन उभी राहिले. तेवढ्यात न्हाणीचं दार उघडलं, आणि आई जुडगा जागेवर ठेवून म्हणाल्या, "मुरली, पाणी कढत होतं का? काल मला कोमट आलं."

नाश्ता हॉटेलच्या हिरवळीवर होता. वेताच्या खुर्च्या, पांढरी चादर, ऊन नुकतं पोचत होतं. आईंनी आपल्या पुडीतल्या दशम्या काढल्या होत्या, अच्युतरावांपुढे आम्लेट होतं. मधे साखरेची वाटी. विमान संध्याकाळचं होतं, घाई काही नव्हती. वन्सं बटरचा एकच तुकडा एकाच पावाला पुन्हा पुन्हा लावत होत्या.

अच्युतरावांनी आम्लेट बाजूला सारलं, तोंड पुसलं, आणि कोटाच्या आतल्या खिशातून चेकबुक काढलं. ते म्हणाले, शुभ कामाला उशीर नको, सुरुवातीला म्हणून एवढे. सही त्यांनी रात्रीच करून ठेवली होती. त्यांनी चेक फाडला, त्यावर फुंकर घातली, का कोण जाणे, शाई कधीच वाळली होती, आणि तो ह्यांना न देता आईंपुढे धरला.

"आई, तुमच्या हातानं द्या मुरलीधररावांना. शकुन होईल."

आईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. जावयानं दिलेली वस्तू त्या तशीच घेत. चेक त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. आकडे त्यांना वाचता येत होते. गल्ल्यावर त्या कधी बसल्या नाहीत, पण मामंजींचा हिशेब दुपारी ऐकून ऐकून त्यांना शून्यं नीट कळायची.

वन्संचा पाव पार तुटला होता. त्यांनी एकदा आपल्या नवऱ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे, आणि सुरी खाली ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. मीही बोलले नाही. मी सून, त्या लेक, हा व्यवहार पुरुषांचा, असं काहीतरी आम्ही दोघींनी तेवढ्यापुरतं धरून ठेवलं होतं.

हे आईंच्या समोर बसले होते. त्यांनी हात पुढे केला. टेबलावर आईंच्या हातात चेक होता आणि चेकच्या अलीकडे साखरेची वाटी होती, ह्यांचा चहा बिनसाखरेचा तसाच पडून होता. तो हात चेककडे निघाला होता की साखरेकडे, हे मला आजतागायत माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. इतकी वर्षं झाली, त्यांनीही सांगितलं नाही.

आईंनी त्या हाताकडे बघितलं. मग चेक अच्युतरावांच्या बशीखाली सरकवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून नीट दाबून.

"आई, शकुन…" अच्युतराव म्हणाले.

"जावईबापू, जरा थांबा," आई म्हणाल्या.

त्यांनी साखरेची वाटी पुढे ओढली. चिमूटभर साखर घेतली. मला वाटलं, शकुनाची साखर आता त्या लेकाच्या हातावर ठेवणार. ह्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांचा हात तिथेच उघडा राहिला होता. पण आईंनी ती स्वतःच्या तोंडात घातली, आणि सगळी विरघळू दिली. मग लेकाच्या त्या उघड्या हातावर आपला हात ठेवला आणि जावयाकडे वळून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

"आमचं दुकान बंद झालं."